मंदीचे गाऱ्हाणे : मराठी आर्थिक टीकालेखनाविषयी काही विचार

१

राज्यकर्त्यांच्या अर्थनीतीविषयी लोकांच्या मनात असंतोष असणे ही नवी गोष्ट नाही. तो असंतोष भाषेत कोणत्या रूपाने उतरतो, हा प्रश्न मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकाने आपला मानावयास हवा. आजवर आपण तो अर्थशास्त्राकडे अथवा वृत्तव्यवसायाकडे सोपवून मोकळे झालो आहोत. परंतु अर्ज, निवेदन, अग्रलेख, निबंध ही सर्व लेखनरूपेच होत. आणि त्यांच्या घडणीचा त्यांच्या परिणामाशी असलेला संबंध कादंबरी-नाटकांच्या घडणीइतकाच तपासण्याजोगा आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. २०१९ साली वाहनउद्योगात आलेल्या मंदीची झळ पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याला बसली. त्या पट्ट्यातील चिखली हे गाव डोळ्यांसमोर ठेवून, त्या मंदीविषयी जे बोलले व लिहिले गेले त्याची तुलना याच पुणे जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडलेल्या टीकालेखनाशी येथे करावयाची आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : दुष्काळाविषयी बोलण्याची एक नेमकी रीत मराठीने शंभर-सव्वाशे वर्षांत कमावली, मंदीविषयी बोलण्याची तशी रीत तिने अद्याप कमावलेली नाही. त्यामुळे मंदीतील असंतोष उत्कट असूनही टीकेच्या पदवीला पोहोचत नाही, आणि त्याची किंमत ज्यांना निवेदने लिहिता येत नाहीत त्यांना मोजावी लागते.

२

‘गाऱ्हाणे’ हा शब्द आपण सैलपणे तक्रार या अर्थी वापरतो. कोकणात व गोव्यात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालण्याचा जो विधी आहे, त्यात या शब्दाचा मूळ कस दिसतो. तेथे गाऱ्हाणे घालणारा प्रथम देवतेला व स्थळदेवतांना नावानिशी हाक मारतो, मग ज्याच्यासाठी गाऱ्हाणे घालावयाचे त्याचे नाव घेतो, मग अडचण सांगतो आणि अखेर मागणे मागतो. जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला होकार देतात. कोणापुढे, कोणासाठी, काय घडले आणि काय हवे, अशी चार अंगे त्यात असतात. यांतील एक जरी गळले तरी उरतो तो निव्वळ विलाप.

चिखलीच्या परिसरात या चार अंगांचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये. ‘टाळगाव चिखली’ या नावाने वारकरी परंपरेत ओळखले जाणारे हे गाव देहूपासून फार दूर नाही. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकोबांच्या घरच्या व्यापाराचे दिवाळे निघाले, आणि पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. त्या काळी सामान्य माणसाच्या गाऱ्हाण्याचा अखेरचा धनी विठ्ठल होता. राज्यकर्त्याने दुष्काळाचा जाब द्यावा ही कल्पना लोकमानसात रुजावयास पुढे आणखी अडीच शतके लागली.

३

ही कल्पना रुजण्यास कारण झालेली घटना वरवर पाहता दुष्काळाची नव्हती. ती मंदीचीच होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता हिंदुस्थानच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला. इकडे तीस वर्षांची मुदत संपल्यामुळे १८६७ पासून पुणे जिल्ह्यातील तालुक्यांत शेतसाऱ्याची फेरआकारणी सुरू झाली होती. तेजीच्या वर्षांकडे पाहून वाढविलेला सारा मंदीच्या वर्षांत वसूल होऊ लागला. सावकाराचा हात आखडला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठून कर्जखते ताब्यात घेतली व जाळली. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गावांत पसरले.

या दंग्यातही एक प्रकारचे गाऱ्हाणे होते; परंतु ते जवळच्या माणसापाशी थांबले. सावकार समोर होता; फेरआकारणी करणारे खाते आणि कापसाचा भाव ठरविणारी बाजारपेठ ही दृष्टीआड होती. सरकारने चौकशी-आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. या कायद्याने बंधन घातले ते मुख्यतः सावकाराच्या व्यवहारावर. गाऱ्हाणे ज्याच्या दारी नेले गेले त्याच्याच दारी उपायही पोहोचला. साऱ्याचा प्रश्न मागे राहिला. असंतोषाच्या रूपाचा त्याच्या फळाशी असलेला संबंध याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण आपल्या प्रांताच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

साऱ्याचा प्रश्न पुढे नेण्याचे काम दोन अगदी भिन्न प्रकृतींच्या लेखनांनी केले. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने अर्जाचे शास्त्र बनविले. न्यायमूर्ती रानडे व गणेश व्यंकटेश जोशी यांच्या लेखनाचा विशेष हा, की सरकारचेच अहवाल, सरकारचेच आकडे घेऊन त्यांनी सरकारशी वाद मांडला. आवेश जवळजवळ नाही. पण कोणत्या तालुक्यात, कोणत्या वर्षी, कोणत्या निर्णयाने काय घडले, याची संगती पक्की. या लेखनाची उणीव एवढीच, की ते मुख्यतः इंग्रजीत झाले. ज्याचा सारा वाढला त्याला ते वाचता येण्यासारखे नव्हते.

जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहून पुरा झाला. तो मराठीत आहे, आवेशाने भरलेला आहे. आणि आमच्या मते त्याचे खरे सामर्थ्य आवेशाच्या आत दडलेल्या तपशिलात आहे. चौथ्या प्रकरणात साऱ्याचे दुःख घेऊन अधिकाऱ्याच्या तंबूपर्यंत गेलेला शेतकरी निराश होऊन परततो, आणि लेखक त्याच्या घरातील चीजवस्तूंची जवळजवळ पंचनाम्यासारखी नोंद करतो. पाचव्या प्रकरणात ताली-बंधारे, जनावरांची पैदास, शेतकी प्रदर्शने, शेतकऱ्यांच्या मुलांचे शिक्षण, अशा करता येण्याजोग्या गोष्टींची मागणी आहे. गाऱ्हाण्याची चारही अंगे येथे भरलेली आहेत. तिसऱ्या प्रकरणातील प्राचीन इतिहासाची मांडणी आजच्या संशोधनाला मान्य होईलच असे नाही; आणि कारभारातील सर्व दोषांचे मूळ एकाच वर्गाच्या स्वार्थात पाहण्याची त्यांची पद्धत काही ठिकाणी प्रश्न सोपा करून टाकते. तथापि त्यांच्या वाक्यरचनेचा एक गुण निर्विवाद आहे : तिला कर्ता असतो. सारा वाढत नाही. कोणीतरी तो वाढवितो. गायरान नाहीसे होत नाही. कोणते तरी खाते ते बळकाविते. सकर्मक क्रियापदांचा हा आग्रह ही निव्वळ शैलीची बाब नव्हे. ती विचाराची बाब आहे.

या दोन धारांचा संगम १८९६-९७ च्या दुष्काळात दिसला. १८८० च्या दुष्काळ-आयोगानंतर सरकारने दुष्काळात काय करावयाचे याचे लेखी नियम केले होते. टिळकांच्या ‘केसरी’ने व सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी हे नियम शेतकऱ्यांना मराठीतून सांगावयास आरंभ केला : कामे कधी काढली पाहिजेत, सूट वा तहकुबी कधी मिळाली पाहिजे, हे तुमच्याच सरकारने लिहून ठेवले आहे. यात नवी मागणी नव्हती. दिलेल्या वचनाचे वाचन होते. सरकारला ते इतके झोंबले की १८९७ मध्ये त्याने सभेची मान्यताच काढून घेतली. या वाचनामुळे माणसे मरावयाची थांबली असे मात्र कोणी समजू नये. त्या वर्षांतील व १८९९-१९०० मधील मनुष्यहानी भयंकर होती. परंतु मराठी शेतकऱ्याच्या भाषेत त्या वेळी एक गोष्ट कायमची शिरली : दुष्काळ हा ‘जाहीर’ होत असतो. आणेवारी, पुढे पैसेवारी, पन्नास पैशांची खूण, जिल्हाधिकाऱ्याची सही, साऱ्याची सूट, १९७२ च्या दुष्काळातून वाढलेली व १९७७ च्या कायद्याने हक्क बनलेली रोजगार हमी, ही सर्व त्याच परंपरेची फळे होत. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ-संहितेने निकष बदलले. पण दुष्काळाला निकष असतो, ही समजूत बदलली नाही.

४

आता मंदीकडे वळू. ‘तेजी-मंदी’ ही जोडी व्यापारी पेठेतील आहे. पेठेतला माणूस मंदीला दोष देत नाही. ती ऋतूसारखी येते आणि जाते, असे तो मानतो. मार्क्सवादी मराठी लेखकांनी ‘आर्थिक अरिष्ट’ असा शब्द चालविला. त्यात निदान कारणमीमांसेची अपेक्षा होती. तो शब्द ग्रंथांत राहिला आणि कारखान्यांच्या पट्ट्यात पेठेचाच शब्द रूढ झाला. दुष्काळ जाहीर होतो. मंदी कोणी जाहीर करीत नाही. तिला पैसेवारी नाही, तिच्यावर कोणाची सही नाही, आणि म्हणून तिच्यातून कोणताही हक्क निपजत नाही.

चिखली १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. तिच्या जाधववाडी-कुदळवाडीच्या बाजूला पत्र्याच्या शेडांतून लेथ, प्रेस, शीट मेटल, पावडर कोटिंग अशा कामांची व भंगाराची मोठी वस्ती वाढली. फेब्रुवारी २०२५ च्या महापालिकेच्या पाडकामात कुदळवाडीतील अशा शेडांचा फार मोठा भाग जमीनदोस्त झाला. या कामशाळांचे जगणे जॉबवर्कवर चाले. मोठा कारखाना सुट्या भागांचे काम व्हेंडरला देतो, व्हेंडर त्यातील एखादी प्रक्रिया लहान शेडवाल्याकडे पाठवितो. या साखळीत वरचे टोक थोडे हलले तरी खालचे टोक जोराने हिसकते.

२०१९ मध्ये वरचे टोक थोडे नव्हे, फारच हलले. त्या वर्षी जुलैत देशातील प्रवासी वाहनांची विक्री आधल्या वर्षाच्या त्याच महिन्याच्या तुलनेने सुमारे ३१ टक्क्यांनी घसरली. ऑगस्टमध्ये घसरण तेवढीच राहिली आणि व्यापारी वाहनांची विक्री सुमारे ३९ टक्क्यांनी उतरली. कारखान्यांनी ‘ब्लॉक क्लोजर’ घेतले. या काळात रूढ असलेली बोली पाहावी : मंदी आली. काम कमी झाले. ओटी बंद झाली. काम सुटले. हप्ता थकला. प्रत्येक क्रियापद अकर्मक. कर्ता कोठेही नाही. ‘ब्रेक दिला’ या एकाच प्रयोगात देणारा कोणी आहे. परंतु तो कंत्राटदार होय. म्हणजे सुप्याच्या शेतकऱ्याचे बोट जसे सावकारापाशी थांबले, तसे येथील कामगाराचे कंत्राटदारापाशी थांबते, त्यापलीकडे धुके.

या धुक्यात खरोखर काय होते? जुलै २०१८ मध्ये केंद्राच्या वाहतूक खात्याने मालमोटारींच्या आसांवरील भाराची मर्यादा वाढविली; जुन्याच मोटारी अधिक माल वाहू लागल्याने नव्यांची गरज घटली. १ सप्टेंबर २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नव्या मोटारीला तीन वर्षांचा व दुचाकीला पाच वर्षांचा तृतीयपक्ष विमा एकदम घेणे भाग पडले, आणि खरेदीच्या दिवशीची रक्कम वाढली. त्याच महिन्यात आयएलअँडएफएस ही वित्तसंस्था देणी चुकविण्यास असमर्थ ठरली व वाहनकर्जे देणाऱ्या बिगरबँक कंपन्यांचा पतपुरवठा आटला. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० नंतर भारत स्टेज चार प्रकारची वाहने विकता येणार नाहीत असे ठरविले. वाहनांवरील वस्तू व सेवा कर जुलै २०१७ पासून २८ टक्के व वर अधिभार असा होता. त्याही मागे ८ नोव्हेंबर २०१६ चा नोटाबंदीचा निर्णय होता, ज्याने चलनाच्या एकूण मूल्यापैकी सुमारे ८६ टक्के नोटा एका रात्रीत बाद केल्या. यांतील काही निर्णय हितकारकही असतील. हवेच्या शुद्धतेचा नियम तसाच होता. मुद्दा निराळा आहे. ‘मंदी’ या एका शब्दाच्या पोटात निदान अर्धा डझन तारखा आणि तितकीच कार्यालये होती. ‘सरकार’ हा शब्दही म्हणून अपुरा पडतो. त्यात मंत्रालय, न्यायालय, कर परिषद आणि रिझर्व्ह बँक एकाच गाठोड्यात बांधली जातात, आणि गाठोड्यापुढे गाऱ्हाणे घालता येत नाही.

५

तत्कालीन सार्वजनिक चर्चेने ही उकल करावयाची, ती उपहासाने करून टाकली. १० सप्टेंबर २०१९ रोजी चेन्नईत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मंदीची अनेक कारणे सांगताना, तरुण पिढी मोटार घेण्याऐवजी ओला-उबर पसंत करते, असेही म्हटले. त्या एका विधानावर देशभर विनोदांचा पाऊस पडला. उपहास हा टीकेचा मान्य प्रकार आहे, हे खरे. परंतु येथे त्याने मालमोटारीचा प्रश्न पुसून टाकला. मालमोटार कोणी उबरमुळे घ्यावयाची थांबविली नव्हती.

३० नोव्हेंबर २०१९ रोजी मुंबईतील एका समारंभात याच पट्ट्यातील आकुर्डीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते राहुल बजाज गृहमंत्र्यांच्या समक्ष म्हणाले, की सरकारवर उघड टीका करण्यास लोक भितात. गृहमंत्री अमित शहा यांनी, भिण्याचे कारण नाही, असे उत्तर दिले. या प्रसंगाचे धैर्य नाकारावयाचे नाही. परंतु पुढची सर्व चर्चा टीका करता येते की नाही यावर झाली. काय टीका करावयाची होती, हे मागेच राहिले.

या सर्वांहून अधिक बोलका दिवस २० सप्टेंबर २०१९ हा होय. त्या दिवशी पणजी येथे अर्थमंत्र्यांनी कंपनीकराचा मूळ दर २२ टक्क्यांवर, आणि नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्क्यांवर आणल्याचे घोषित केले; सरकारी अंदाजाने यात १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागणार होता. त्याच दिवशी, त्याच गोव्यात, वस्तू व सेवा कर परिषदेने अभियांत्रिकी जॉबवर्कवरील कर १८ वरून १२ टक्क्यांवर उतरविला. मोटारींवरील २८ टक्क्यांचा दर मात्र तसाच ठेवला. (लहान मोटारींचा दर १८ टक्क्यांवर आला तो सहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २०२५ पासून.) पहिल्या निर्णयावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. तो निर्णय कंपन्यांपुरता होता. एकमालकीने वा भागीदारीने चालणाऱ्या शेडला त्यातून थेट काहीच मिळणार नव्हते. दुसरा निर्णय चिखलीच्या कामाचा होता. बिलाचे पैसे हाती येण्यापूर्वीच कर भरावा लागतो ही जॉबवर्कवाल्याची अडचण त्याने संपली नाही, पण हलकी झाली. त्याची चर्चा मोठ्या निर्णयाच्या सावलीत हरवली. जो वर्ग आपले म्हणणे दर, कलम व तारीख यांच्या भाषेत मांडू शकतो त्याच्यापर्यंत उपाय लवकर पोहोचतो, असा याचा अर्थ आम्ही लावतो. शेडमध्ये यंत्रावर उभा असणाऱ्या कंत्राटी माणसासाठी त्या दिवशी पणजीत काहीही ठरले नाही.

६

यावर एक आक्षेप संभवतो. ज्याची चूल विझली त्याने कलमे आणि तारखा सांगत बसावे काय? त्याचा राग हाच त्याचा पुरावा नव्हे काय? आक्षेप रास्त आहे, आणि आमचा रोखही कामगाराच्या बोलीकडे नाही. सुप्याच्या शेतकऱ्याकडून कोणी जोशींच्या निबंधांची अपेक्षा केली नव्हती. अपेक्षा होती ती लेखणी धरणाऱ्यांकडून; आणि ‘केसरी’ने १८९६ मध्ये जे काम केले त्याला तोड असलेले काम २०१९ मध्ये मराठीतून झालेले आम्हांस आढळत नाही.

वाचून दाखविण्यासारखे कागद नव्हते, असेही नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात लहान उद्योगाचे बिल ४५ दिवसांत चुकते करण्याचे व विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज देण्याचे बंधन होते. १ जुलै २०१८ पासून कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना होती. ठराविक काळ वर्गणी भरलेल्या विमाधारकाचे काम सुटल्यास नव्वद दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या २५ टक्के रक्कम मिळण्याची तीत तरतूद होती. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफच्या काळात निम्म्या वेतनाची भरपाई होती. परंतु पन्नासांहून कमी कामगारांच्या कारखान्याला आणि बदली वा नैमित्तिक कामगाराला ती लागू नव्हती. म्हणजे चिखलीतील शेड त्या कायद्याच्या उंबरठ्याबाहेरच होती. यांतील दोन कागद वाचून दाखविण्याजोगे होते. तिसऱ्यातील वगळणूक दाखवून देण्याजोगी होती. दिलेले वचन व न दिलेले वचन ही दोन्ही नेमकेपणाने मांडणे हेच टीकेचे काम होय.

ललित वाङ्मयाने येथे काय केले, हाही प्रश्न विचारावयास हवा. मुंबईच्या गिरणगावाला अण्णा भाऊ साठे, नारायण सुर्वे लाभले; १९८२ च्या संपानंतरची पडझड जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये एका घराच्या चार भिंतींत उभी राहिली. पिंपरी-चिंचवड-चाकणचा पट्टा साठ वर्षांचा होऊनही त्याच्या वाट्याला तशी कृती आलेली नाही. कारण बहुधा वस्तीच्या रचनेत असावे. गिरणीकामगार एका चाळीत, एका संघटनेत, एका मालकासमोर उभा होता. येथील कामगार सात महिन्यांच्या नेमणुकीवर, भाड्याच्या खोलीत, निरनिराळ्या जिल्ह्यांतून व प्रांतांतून आलेला आहे. त्याला ‘आम्ही’ म्हणता येईल असा समूह घडण्यापूर्वीच त्याला ब्रेक मिळतो. ज्याला ‘आम्ही’ नाही त्याला ‘तुम्ही’ म्हणून कोणाला हाक मारता येत नाही, आणि गाऱ्हाण्याचे पहिलेच अंग लंगडे पडते.

विद्यापीठातील अभ्यासकांनी या बाबतीत करण्याजोगे एक साधे काम आहे. २०१९ ची व त्यानंतरच्या टाळेबंदीच्या काळाची लघुउद्योजकांची निवेदने, कंत्राटदारांच्या नोटिसा, कामगारांचे अर्ज, कारखान्यांच्या फाटकांवरील फलक यांचा संग्रह आताच व्हावयास हवा. कुदळवाडीतील शेडांबरोबर त्यांतील कागदही गेले असणार. असा संग्रह हाती आला, तर सार्वजनिक सभेच्या अर्जांना आपण जी वाङ्मयीन दृष्टी लावतो तीच या लेखनाला लावून पाहता येईल : त्यात कोणाला उद्देशून बोलले आहे, कोणती तारीख आहे, क्रियापदाला कर्ता आहे की नाही. पुढील मंदी येईल तेव्हा तिच्याविषयी मराठीत काय लिहिता येईल, हे काही अंशी या अभ्यासावर अवलंबून राहील.